पोर्ट्रेटची ऑर्डर सोडू नकोस

चि.,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. एका घरातल्या वारलेल्या आजोबांचं पोर्ट्रेट जुन्या फोटोवरून करायचं आहे, पैसे बरे मिळणार आहेत, पण असली कामं घेतली की आपल्यातला चित्रकार संपतो, असं तुला वाटतं. रविवर्मा, धुरंधर या मोठ्या चित्रकारांनी असं केलं असतं का, असंही तू विचारलं आहेस. केलं असतं. त्यांनी तेच केलं.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मुंबईच्या परिसरात तैलरंगात काम करणाऱ्या मंडळींची रोजीरोटी व्यक्तिचित्रांवर होती. संस्थानिक, न्यायाधीश, पारशी शेठ, त्यांच्या बायका. चित्रकार पिठावाला पारशी समाजाच्या पोर्ट्रेटसाठीच नावाजले. राजा रविवर्म्याचा धाकटा भाऊ सी. राजराज वर्मा स्वतः चित्रकार होता. त्याने १८९५ ते १९०४ या काळात इंग्रजीत डायरी लिहिली. ती मिळाली तर जरूर वाच. प्रवास, कोण कधी बसायला आलं, कुठलं चित्र कुठवर आलं, व्यवहाराच्या कटकटी, संध्याकाळी पाहिलेलं नाटक, असा कामात बुडालेल्या दोन भावांचा दिनक्रम तिच्यात आहे. अनेक चित्रांत मागचा निसर्ग धाकट्याने रंगवायचा आणि माणसं थोरल्याने. ‘प्रतिभावंत एकटाच असतो’ हे जे तुझ्या डोक्यात बसलं आहे, ते त्या डायरीने नक्की हलेल.

ऑर्डर माणसाला बांधते, हे मला मान्य आहे. पण कधीकधी तीच त्याला अशा प्रश्नापुढे उभं करते, जो त्याने आपणहून हाती घेतला नसता. सयाजीराव गायकवाडांनी रविवर्म्याकडून पौराणिक विषयांवरची चौदा चित्रं मागवली. नळ-दमयंती, शंतनू, देवकी यांना नेसवायचं काय? वेगवेगळ्या प्रांतांतल्या माणसांना ही पात्रं आपली वाटायला हवी होती. त्यासाठी भावंडं उत्तरेत हिंडली, पेहराव पाहिले, आणि अखेर आपल्याकडच्या लुगड्याचं नेसण पौराणिक स्त्रियांच्या अंगावर आलं. १८९०च्या सुमारास ती चित्रं बडोद्यात आणि मुंबईत लोकांना दाखवली, तेव्हा गर्दी लोटली. एका राजाने दिलेल्या कामातून सगळ्या देशाच्या डोळ्यांपुढचे देव ठरले. याहून मोठं काम कुठलं?

आता याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी तुला अर्धंच सांगितलं असं होईल. १८९४ मध्ये रविवर्म्याने मुंबईत शिळाछापाचा, म्हणजे दगडावरून चित्रं छापण्याचा, कारखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, कर्ज वाढलं आणि शेवटी कारखान्यातल्याच फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. मागणी वाढत गेली तसा तोच चेहरा, तीच मान, तेच डोळे काही चित्रांत पुन्हा पुन्हा येऊ लागले. हात चालत होता, पण पाहणं थांबलं होतं, असं मला त्या चित्रांसमोर वाटतं. तुला भ्यायचंच असेल तर याला भी.

त्यावर उपाय या लोकांनीच दाखवला आहे. गोव्यातल्या सांगेत जन्मलेला चित्रकार आंतोनियु शाव्हिएर त्रिंदाद मुंबईच्या जे. जे. स्कूल या कलाशाळेत शिकला, तिथेच शिकवू लागला, श्रीमंतांची पोर्ट्रेटं करत राहिला. पण घरी तो आपली बायको आणि मुलं रंगवायचा, कुणी मागितलं नसताना. बायकोला समोर बसवून केलेल्या चित्राला १९२० मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. पणजीला फोंतेन्यास भागात फुंदासांव ओरिएंत या संस्थेत त्याची चित्रं आहेत. ऑर्डरच्या कामात घोटलेला हात घरच्या माणसापुढे किती मोकळा होतो, ते तिथे पाहा. त्याची मुलगी आंजेला आणि धुरंधरांची अंबिका, दोघीही पुढे चित्रकार झाल्या. बापाचं काम घरात रोज पाहिलं होतं त्यांनी.

धुरंधरांबद्दल तर मला फार माया आहे. कोल्हापूरहून १८९० मध्ये जे. जे.त आलेला हा माणूस चार दशकं त्या संस्थेत राहिला आणि शेवटी तिचा प्रमुख झाला. पुस्तकांची चित्रं, पोस्टकार्डं, रेल्वेची पोस्टर्स, दिल्लीच्या सचिवालयातली भित्तिचित्रं, असं कुठलंही काम त्यांनी हलकं मानलं नाही. रस्त्यावरच्या माणसांची स्केचेस मात्र आयुष्यभर चालूच होती, म्हणून त्यांच्या गर्दीच्या चित्रातही प्रत्येक माणूस वेगळा उभा राहतो.

आणि कोल्हापूरचेच चित्रकार आबालाल रहिमान. जे. जे.त नाव कमावून ते गावी परतले, शाहू महाराजांचा आधार मिळाला, आणि कोटितीर्थ तळ्याच्या काठी ते निसर्ग रंगवत राहिले. प्रसिद्धीच्या मागे गेले नाहीत. त्यांच्यासारखं जगावंसं तुला वाटतं, हे तुझ्या पत्रातून कळतं. पण त्यांचं पुष्कळ काम पांगलं, नाहीसं झालं. मला याचं आजही वाईट वाटतं. म्हणून आतापासून प्रत्येक चित्राच्या मागे तारीख, विषय आणि रंग लिहून ठेव, फोटो काढून ठेव, कुणाला दिलं त्याची वही कर.

आता त्या आजोबांच्या पोर्ट्रेटकडे येऊ. फोटोवरून काम करण्यात कमीपणा नाही, रविवर्माही फोटोंचा आधार घ्यायचा. पण फोटो कातडीचा रंग सांगत नाही आणि सावल्या काळ्या करून टाकतो. त्या घरी जा. आजोबांसारखी हाडं असलेला मुलगा किंवा नातू असेलच. त्याला खिडकीशी, फोटोतल्याच बाजूने उजेड येईल असा बसव आणि कान, गळा, हात प्रत्यक्ष पाहून रंगव. आजोबा कसे बसायचे, चष्मा कुठे ठेवायचे, ते विचार. खालचे थर टर्पेंटाइनमध्ये पातळ ठेव, जवसाचं तेल वरच्या थरांत वाढव, उलट केलंस तर काही वर्षांत तडे जातील. पावसाळा तोंडावर आहे, तेव्हा वाळायला दुप्पट वेळ धर आणि देण्याची तारीख तशीच सांग. कॅनव्हास ओलसर भिंतीला टेकवू नकोस, मागून बुरशी धरते. अर्धे पैसे आधी घे.

त्याआधी एकदा सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाऊन ये. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, त्यांच्या संग्रहालयात रविवर्मा आणि धुरंधर दोघांचीही मूळ चित्रं आहेत. छापील प्रतीत दागिने, काठ आणि सावली सारख्याच सपाट दिसतात. मूळ चित्राला बाजूने पाहिलंस की दागिन्यावर रंग कुठे जाड ठेवलाय आणि सावलीत किती पातळ, ते कळेल. तरुणपणी त्रावणकोरच्या दरबारात रविवर्म्याला थिओडोर जेन्सन नावाचा विलायती चित्रकार शिकवायला तयार नव्हता, फक्त काम करताना पाहू द्यायचा. तेवढ्या पाहण्यातून तो पुष्कळ शिकला. एका चित्रापुढे तासभर बस, मोबाईल पिशवीत ठेव, आणि काय दिसलं ते मला लिहून पाठव. पोर्ट्रेटचा पहिला थर झाला की त्याचाही फोटो पाठव, चेहऱ्याच्या सावलीबद्दल तेव्हा बोलू.

तुझा,
सर