सुट्टी आली की हिचं डोकं दुखतं!

"मला मायग्रेन आहे की नुसतंच डोकं दुखतंय?" हा प्रश्न खरं तर डॉक्टरांना विचारायचा. पण तो माझ्यासारख्या समुपदेशकाकडेही नेहमी येतो, कारण येणाऱ्याला आधीच कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं, "टेन्शन घेतेस, म्हणून दुखतं."

एका शिक्षिकेला तिचा नवरा घेऊन आला होता. तक्रार त्याचीच होती. "आठवडाभर ठणठणीत असते, मॅडम. शनिवारी दुपारी शाळा सुटली की डोकं धरून बसते. रविवारी माझ्या घरच्यांकडे जायचं ठरलं असेल तर हमखास. चष्म्याचा नंबर तपासला, स्कॅन केला, सगळं नॉर्मल." बाई मान खाली घालून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आता मलाच वाटायला लागलंय, मी नाटक तर करत नाही ना?"

किती दुखतं, हे मी विचारलं नाही. 'भयंकर' प्रत्येकाचं वेगळं असतं. दुखत असताना काय करता, एवढंच विचारलं. "काहीच नाही. पडदे ओढून पडून राहते. पाणी प्यायला उठले तरी पावलागणिक ठोका बसतो. कुणी भांडं आपटलं तर उमासे येतात." नवरा म्हणाला, "तेव्हा ती टीव्हीसुद्धा लावू देत नाही." तक्रार म्हणून सांगितलं त्याने, पण माझ्या दृष्टीने तीच सगळ्यात कामाची माहिती होती.

ताणाने होणारी साधी डोकेदुखी बहुधा दोन्ही बाजूंनी असते. कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं, डोकं जड होतं, पण माणूस कुरकुरत का होईना, कामं उरकतो. जिना चढला म्हणून ती वाढत नाही. मायग्रेन माणसाला आडवं पाडतं. औषध घेतलं नाही तर 4 ते 72 तास चालतं. एकाच बाजूला दुखणं, ठणका लागणं, तीव्रता मध्यम ते जबर असणं आणि साध्या हालचालीने वाढणं, यातल्या निदान दोन गोष्टी डॉक्टर पाहतात. सोबत मळमळ-उलटी, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होणं. असे निदान 5 झटके येऊन गेलेले असावे लागतात. अर्धंच डोकं दुखलं पाहिजे, अशी मात्र सक्ती नाही. दोन्हीकडे दुखतं म्हणून अर्धशिशी नाही, असं ठरवून वर्षानुवर्षं गप्प बसलेले लोक मी पाहिले आहेत.

आणि स्कॅन? मायग्रेन स्कॅनमध्ये दिसत नाही. दुसरं काही नाही ना, एवढंच तो सांगतो. निदान होतं ते रुग्णाच्या सांगण्यावरून. नॉर्मल रिपोर्ट म्हणजे नाटकाचा पुरावा नव्हे, हे मी त्या दोघांना जरा ठासूनच सांगितलं.

राहिला शनिवारचा प्रश्न. मायग्रेन ताण चढताना येतंच असं नाही, पुष्कळांना तो उतरताना येतं. त्यात सुट्टी म्हणून झोप लांबते, रोजची चहा-कॉफीची वेळ चुकते, जेवणं पुढेमागे होतात. असा मेंदू या बदलांना फार हळवा असतो. सासरच्यांचा त्यात काही संबंध नसावा. (अगदीच नसेल असं मी म्हणणार नाही, पण तो वेगळा विषय.)

मी त्यांना एक वही ठेवायला सांगितली: कधी सुरू झालं, त्या वेळी काय करत होतात, कोणती गोळी घेतली, पाळीची तारीख. महिनाभराने वही आली तेव्हा तिच्यात दोन तऱ्हेच्या नोंदी होत्या. "बुधवार, संध्याकाळ. मान आणि कपाळ जड. पेपर तपासले, स्वयंपाक केला." आणि "शनिवार, 3 वाजता. डावं कानशील. एकदा उलटी. दिवा नको." एकाच बाईला दोन्ही दुखणी होती, आणि 'टेन्शन' या एका शब्दाखाली ती एकत्र बांधली गेली होती. समासात नवऱ्याच्या अक्षरात लिहिलं होतं, "सकाळपासून जांभया. चिडचिड." झटक्याच्या काही तास किंवा एखादा दिवस आधी अशा खुणा दिसू शकतात.

काहींना दुखण्याआधी डोळ्यांसमोर नागमोडी चमकत्या रेषा दिसतात किंवा हाताला मुंग्या येतात. हे साधारण 5 ते 60 मिनिटं टिकतं. असं होणाऱ्या बायकांनी गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्याआधी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं. काही गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो.

वहीत मला खटकला तो गोळ्यांचा रकाना. दोन्ही दुखण्यांवर त्या एकच वेदनाशामक घेत होत्या, महिन्यातले निम्मे दिवस. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर गोळीच डोकेदुखीचं कारण होऊ शकते. एकाहून जास्त औषधं असलेल्या मिश्र गोळ्या आणि ट्रिप्टान ही मायग्रेनची खास औषधं, यांच्यासाठी ही मर्यादा 10 दिवसांचीच. वही घेऊन मी त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं.

वही ठेवत बसू नये अशीही दुखणी असतात. मिनिटाभरात शिगेला पोचलेली वेदना, ताप आणि ताठ मान, डोक्याला मार, बोलणं अडखळणं, हात-पाय लुळा पडणं: अशा वेळी थेट दवाखाना गाठावा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली किंवा दिवसेंदिवस वाढत जाणारी डोकेदुखीही लगेच दाखवावी.

डॉक्टरांनी मायग्रेनचंच निदान केलं. झटका सुरू होताच घ्यायचं औषध दिलं, आधीच्या गोळ्यांना आवर घातला. रविवारीही रोजच्याच वेळेला उठायचं, हे बाईंना औषधापेक्षा जड गेलं. झटके थांबलेले नाहीत, विरळ झाले आहेत. बुधवारच्या डोकेदुखीवर आमचं काम अजून चालू आहे: मान सैल सोडण्याचे व्यायाम, आणि शाळेतली जास्तीची कामं नाकारायची कशी, याचा सराव. व्यायाम त्या नेमाने करतात. नाकारणं अजून जमत नाही.