१९९६ची बारोलो वाइन विटकरी दिसते, तळाशी गाळही आहे. खराब झाली का?
नाही, एवढ्यावरून ती खराब ठरत नाही. या वयाच्या बारोलोत हे दोन्ही दिसायलाच हवं. उत्तर इटलीतल्या पिएमोंतेची ही वाइन नेब्बिओलो द्राक्षांची असते. त्यांचा रंग मुळातच फिका, टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारी द्रव्यं, मात्र भरपूर. वर्षं सरतात तसे टॅनिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना चिकटून जड होतात, खाली बसतात. तोच हा गाळ. त्यामुळेच हिरड्यांना कच्च्या सुपारीसारखा बसणारा तुरटपणाही मऊ होतो. बाटली आधी दिवसभर उभी ठेवा. ओतताना बाटलीच्या मानेमागे उजेड धरा, हात संथ ठेवा आणि गाळ मानेशी आला की थांबा. १६ ते १८ अंश तापमान योग्य, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात थोडा वेळ फ्रिज लागेलच. पहिला वास कोंदट वाटला तर घाई करू नका. पेल्यात थोड्या वेळाने वाळलेला गुलाब, डांबर, चामडं असं एकेक वर येतं, आणि इतकी वर्षं थांबायचं ते याचसाठी! मात्र ओल्या पुठ्ठ्याचा किंवा व्हिनेगरचा वास ठळक असेल, तर ती बाटली गेली. हवा देऊन सुधारणार नाही.