लग्नात एकदाच नेसलेला शालू नाशिकमध्ये कोणाला द्यावा?

आपण विचारले आहे की, कपाटात पडून असलेला लग्नातील शालू नाशिकमध्ये कोठे द्यावा आणि लग्नाचे वस्त्र परक्या मुलीला देणे योग्य आहे का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी अधिकाराने देऊ शकते, कारण माझे लग्न दुसऱ्या मुलीच्या शालूत झाले.

वडिलांची सातपूरची कंपनी बंद पडल्यावर आईने माझे नाव एका सामूहिक विवाह सोहळ्यात नोंदवले. मंगलाष्टकांच्या वेळी नेसायची पिवळी अष्टपुत्री मामाने मेन रोडवरून नवी कोरी आणली. शालू मात्र संयोजकांकडून मिळाला. डाळिंबी रंगाचा, भरजरी पदराचा, फॉल-पिको करून रोल प्रेस केलेला. त्यावर हळदीचा एक फिकट डाग होता, तो आईने निऱ्या घालताना असा आत घेतला की कोणालाही दिसला नाही. सोबतच्या ब्लाऊजच्या शिवणीत भरपूर माया होती, म्हणून शेजारच्या काकूंनी तो उसवून माझ्या मापाचा करून दिला. त्या शालूत मी सुंदर दिसत होते आणि हे मी आजही अभिमानाने सांगते.

दुःख झाले ते पुढे. शालू देणाऱ्या बाईंना व्यासपीठावर बोलावून माझ्या शेजारी उभे केले, कोणी कोणाला काय दिले हे माईकवरून सांगितले आणि आमचा फोटो काढला. त्या बाई स्वतःच अवघडल्या होत्या, त्यांचा काही दोष नव्हता. परंतु माझ्या सासरच्या मंडळींना तोवर हे ठाऊक नव्हते, आणि पंगतीत त्यांच्याकडील आत्याने सर्वांदेखत म्हटले की, दुसरीच्या अंगावरून उतरलेला शालू नेसला की तिचे भोगही मागे लागतात. त्यानंतर घरातील प्रत्येक लग्नात ते वाक्य या ना त्या रूपाने माझ्या कानी आलेले आहे. आत्याचे म्हणणे तेव्हाही चुकीचे होते आणि आजही चुकीचेच आहे. आजीचा शालू नात नेसते, थोरलीची पैठणी धाकटी हौसेने मागून घेते, तेव्हा कोणाला अपशकुन आठवत नाही. मग परक्या घरातून आलेल्या शालूलाच तो का चिकटावा? आत्याला खुपत होती ती आमची गरिबी, आणि ते उघड बोलता येत नसल्यामुळे शालूचे निमित्त झाले.

तेव्हा शालू अवश्य द्यावा, पण देताना फोटो काढू नये, व्हॉट्सअॅपवर टाकू नये, आणि नवरीला किंवा तिच्या सासरी देणाऱ्याचे नाव कळणार नाही, असे मध्यस्थाकडून आधीच कबूल करून घ्यावे. शासनाची शुभमंगल सामूहिक विवाह योजना जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयामार्फत चालते. तेथे चौकशी केल्यास असे विवाह लावणाऱ्या नोंदणीकृत संस्थांची माहिती मिळू शकेल. पेठ-सुरगाण्याकडे एखादी शिक्षिका किंवा आशाताई ओळखीची असेल, तर तिच्या हाती देणे मला अधिक पसंत आहे, कारण ती गाजावाजा न करता योग्य घरी पोहोचवते. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, म्हणून दिवाळीपूर्वीच द्यावा, म्हणजे ब्लाऊज दुरुस्त करायला वेळ मिळतो. भांड्यांच्या बदल्यात बोहारणीला मात्र देऊ नये. जरीकाम खऱ्या चांदीचे असेल तर असे जुने कापड चांदीसाठी जाळले जाते. पुढे कधीतरी देऊ म्हणून ठेवण्यातही अर्थ नाही, कारण रेशीम वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिले की घडीवरच विरते आणि डांबराच्या गोळ्या लागून जरीकाम काळवंडते.

हातमागावरची येवल्याची पैठणी असेल तर मात्र माझे मत वेगळे आहे. ती विणायला कित्येक आठवडे, भरजरी असेल तर महिने लागतात, आणि तिची निगा राखणारे घर मिळाल्याशिवाय ती कोणालाही देऊ नये. त्याऐवजी स्वागत समारंभात नेसलेली साडी द्यावी. शालू सासूबाईंनी घेतलेला असल्यास आधी त्यांना विचारावे, आणि देताना सोबत ब्लाऊज व परकर आठवणीने ठेवावा.