साथीच्या काळात वस्तीतलं संशोधन: नव्या सहकारी ताईला

एचआयव्हीवरच्या संशोधनाचा तुझा आराखडा वाचला, मेहनत दिसते. पण पुन्हा साथ आली तर काय, हे त्यात कुठेच नाही. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि आमचा आराखडा एका रात्रीत कोलमडला. भुसावळला गाड्या थांबल्या, धुळ्याच्या हायवेवर शुकशुकाट झाला, देहविक्री करणाऱ्या ज्या बायकांशी आम्ही बोलायचो त्यांची कमाईच बंद झाली. तेव्हा निरोधच्याही आधी किराण्याचा प्रश्न होता. म्हणून प्रश्नावली काढण्याआधी घरात पीठ आहे का, ते विचार.

फोनवर मुलाखत घेणार असशील तर फोन कुणाचा आहे ते पक्कं कर. बऱ्याच घरांत मोबाइल एकच असतो. एका ताईशी आम्ही खूण ठरवली होती: तिनं मध्येच कापसाचा भाव विचारला की समजायचं, शेजारी कुणीतरी येऊन बसलंय. मग पाच मिनिटं कापूसच बोलायचा. मेसेजमध्ये आजाराचं नाव कधीच लिहू नकोस; 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं ही गोपनीयता तिचा हक्क आहे. तोंडी संमती चालेल, पण बदललेली पद्धत संशोधन तपासणाऱ्या नैतिकता समितीकडून आधी मंजूर करून घे.

तृतीयपंथीयांच्या वस्तीत जाताना आधी गुरूंना, म्हणजे त्यांच्या प्रमुखांना, भेट.

आणि नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर, जिथे रेंजच नाही, तिथे ऑनलाइन फॉर्म पाठवून 'प्रतिसाद नाही' लिहिणं मला अन्याय वाटतो. तिथल्याच कार्यकर्तीला नीट मानधन दे. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराच्या, गोळ्या पोचवायला जाईल तेव्हा तीच बोलेल, त्यांच्या बोलीत.