सगळ्यांची आई आणि माझ्या मनातला राग

“मॅडम, आईबद्दल कुणी चांगलं बोलायला लागलं की मला तिथून उठून जावंसं वाटतं. मी इतकी कृतघ्न आहे का?”

आई गेल्यानंतर माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या अनेक मुलामुलींच्या मनात हा प्रश्न असतो. ज्यांची आई आयुष्यभर लोकांसाठी झिजली, त्यांच्या मनात तर हमखास. (ओळख पटू नये म्हणून इथले तपशील बदलले आहेत.)

ही ताई चाळिशीतली. आईला जाऊन आठ महिने झाले होते. कुणाचं बाळंतपण असो, आजारपण असो, कुणाच्या मुलाची फी अडलेली असो, आई न बोलावता हजर. सासूचं अंथरुणातलं सगळं तिनेच केलं. आता भेटायला येणारा प्रत्येकजण आईच्या चांगुलपणाची एक तरी आठवण सांगून जायचा. “सगळ्यांकडे आठवण आहे, मॅडम. माझ्या वाट्याला मात्र तिची वाट बघणंच आलं.” शाळेच्या बक्षीस समारंभाला आई आलीच नाही, कारण ऐनवेळी शेजारच्या बाईंना दवाखान्यात न्यावं लागलं. मुलगी रुसली तर आई म्हणायची, “तू समजूतदार आहेस ना?”

अशा घरांत समजूतदार मुलाच्या वाट्याला आई सगळ्यात कमी येते, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. यात प्रेम कमी नसतं. अशी आई त्या मुलाला आपल्यातच धरते आणि स्वतःला जसं मागे ठेवते तसंच त्यालाही मागे ठेवते. हे मी ताईंना सांगितलं, पण एवढ्याने राग जात नाही. तो घालवायची घाईही मला नव्हती.

ज्याच्यावर प्रेम आहे त्याचाच रागही असेल, तर शोक स्वतःवर उलटू शकतो आणि माणूस स्वतःलाच दोष देत बसतो, असं मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी 1917 मध्येच मांडलं होतं. ताईंचा ‘कृतघ्न’ हा शब्द तिथूनच आलेला. आईवर रागावणं त्यांना शक्य नव्हतं, म्हणून सगळा राग त्या स्वतःवर काढत होत्या.

“हा आजार तर नाही ना?” त्यांनी विचारलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात ‘दीर्घकाळ रेंगाळणारा शोक’ असं निदान आहे. सहा महिने उलटूनही गेलेल्या माणसाची तीव्र ओढ किंवा त्याचाच सतत ध्यास असेल, आणि त्यापायी रोजचं जगणं विस्कटलं असेल, तर त्याचा विचार होतो. ताईंची झोप, नोकरी, घर नीट चाललं होतं. तसं नसतं तर मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

मी त्यांना आईला पत्र लिहायला सांगितलं. अट एकच, ‘तू थोर होतीस’ हे वाक्य त्यात चालणार नाही. पहिली पानं तक्रारींची होती आणि ती वाचताना त्या रडल्या. मग मध्येच एक ओळ आली: ‘त्या बाईंकडे जायचं तुझ्या किती जिवावर यायचं, ते मलाच माहीत आहे.’ जगाला ‘हो’ म्हणणारी आई रात्री या मुलीपाशी कुरकुर करायची, पाय दुखतात म्हणायची, कुणाकुणाला नावं ठेवायची. ती आई बाकी कुणीच पाहिली नव्हती. ताई वाचता वाचता थांबल्या आणि म्हणाल्या, “ही माझ्या वाट्याची.”

गेलेल्या माणसाशी नातं तोडून ‘पुढे जायचं’ असतं, ही समजूत आता मागे पडली आहे. शोकाचे अभ्यासक डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये दाखवून दिलं की नातं टिकतं, फक्त त्याचं रूप बदलतं. मला वाटतं, ते टिकायला माणूस आपल्याला जसा दिसला तसा आठवण्याची मोकळीक हवी. नुसत्या कौतुकाशी नातं ठेवता येत नाही.

नातेवाईक आता आईची कामं ताईंकडे घेऊन येत होते. ताईंनी त्यातलं एकच ठेवलं, आई जिची फी भरायची त्या मुलीचं शिक्षण. बाकीच्यांना नाही म्हटलं.

मध्यंतरी घरातले सगळे जमले तेव्हा त्यांनी आईच्या कुरकुरीचा किस्सा सांगितला. मावशी दुखावल्या, “गेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का?” ताई म्हणाल्या, “मावशी, माझी आई अशीही होती.” मावशींचा रुसवा अजून गेलेला नाही. त्यांना मनवायचं की थोडं थांबायचं, यावर पुढच्या भेटीत बोलायचं ठरलं आहे.