कडीला ओढणारं तिसरं बल कसं काढायचं?
तुमच्या गणितात कडी स्थिर आहे. एक दोरी तिला क्ष-अक्षाच्या दिशेने ४० न्यूटनने ओढते, दुसरी १२०° कोनात ६० न्यूटनने; तिसऱ्या दोरीचं बल हवंय.

कडी हलत नाही, म्हणजे क्ष-घटकांची बेरीज शून्य आणि य-घटकांचीही शून्य. सगळं गणित यावरच उभं आहे.

क्ष: ४० + ६० कॉस १२०° = ४० − ३० = १०
य: ६० साइन १२०° = ५१.९६

म्हणून तिसरं बल (−१०, −५१.९६), परिमाण √२८०० ≈ ५२.९ न्यूटन.

खरी चूक होते ती कोनात. य-घटकाला क्ष-घटकाने भागून त्या भागाकाराचा व्यस्त टॅन घेतला की कॅल्क्युलेटर ७९.१° दाखवतो. पण दोन्ही घटक ऋण आहेत, बल तिसऱ्या चरणात आहे; कोन १८०° + ७९.१° = २५९.१°. कच्ची आकृती आधी काढलीत, तर हे लगेच दिसतं.