टक्केवारी जुळली, पण एन्झाइम जुळले का?

प्रश्न : मानवी एन्झाइमचे जनुक क्लोन करून, म्हणजे वेगळे काढून त्याच्या प्रती बनवून, त्याची उंदराच्या जनुकाशी तुलना केली आणि दोहोंत ८५ टक्के साम्य आढळले, अशा आशयाची वाक्ये शोधनिबंधांत वारंवार वाचायला मिळतात. हे क्लोनिंग कसे करतात? आणि एवढे साम्य असेल, तर दोन्ही एन्झाइम सारखेच काम करतात असे मानावे का?
— जैवतंत्रज्ञानाची एक विद्यार्थिनी

उत्तर : ज्या ऊतीत ते एन्झाइम भरपूर तयार होते, उदाहरणार्थ यकृत, तिच्यातून संदेशवाहक आरएनए वेगळा काढतात. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजच्या साहाय्याने त्याची डीएनए-प्रत, म्हणजे सीडीएनए, बनवतात, हवा तो भाग पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीने, वाढवतात आणि प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे जीवाणूंतल्या छोट्या वर्तुळाकार डीएनएमध्ये, जोडून ई. कोलाय जीवाणूत घालतात. गुणसूत्रातला डीएनए थेट न घेता हा वळसा घ्यावा लागतो, कारण मानवी जनुकांत बहुधा इंट्रॉन, म्हणजे प्रथिनाचा संकेत नसलेले मधले तुकडे, असतात आणि आरएनएमधून ते कापून टाकण्याची मानवी पेशीसारखी यंत्रणा ई. कोलायपाशी नसते. वाढलेल्या वसाहतींमधून प्लाझ्मिड काढून त्याचे सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएचा अक्षरक्रम वाचणे, मात्र टाळू नये. पीसीआरमध्ये चुकून बदललेले एखादे अक्षर पुढे दोन प्रजातींमधला फरक म्हणून खपून जाते.

आता साम्याविषयी. मानव आणि उंदीर यांच्या प्रथिने घडवणाऱ्या डीएनएमध्ये सरासरी साम्यच सुमारे ८५ टक्के असते, त्यामुळे हा आकडा एकट्याने फारसे काही सांगत नाही. तो डीएनएचा आहे की प्रथिनाचा, हेही आधी पाहावे. ल्युसीन या ॲमिनो आम्लासाठी सहा कोडॉन (तीन अक्षरी संकेत) आहेत, म्हणजे डीएनएमधील अक्षर बदलूनही प्रथिन जसेच्या तसे राहू शकते. उलट क्रियाशील स्थळावरचे, म्हणजे एन्झाइम जिथे पदार्थाला पकडून क्रिया घडवते त्या जागेवरचे, एकच ॲमिनो आम्ल बदलले, तर बाकी सारे जुळूनही एन्झाइम निकामी होऊ शकते किंवा वेगळाच पदार्थ पकडू लागते. म्हणून दोन्ही प्रथिने प्रत्यक्ष तयार करून त्यांचा वेग आणि पदार्थाविषयीची ओढ मोजल्याशिवाय ‘सारखेच काम’ असे लिहू नये, असे आमचे मत आहे.

तुलनेसाठी योग्य जोडीदार निवडणेही वाटते तितके सोपे नाही. अनेक औषधांचे विघटन करणाऱ्या एन्झाइमचे सीवायपी२डी६ हे जनुक मानवात सीवायपी२डी या उपकुटुंबातले एकमेव कार्यक्षम जनुक मानले जाते. उंदरात मात्र त्या उपकुटुंबाची नऊ जनुके आहेत. यांतले मानवी जनुकाचे ‘खरे’ प्रतिरूप कोणते, हे केवळ टक्केवारीच्या जोरावर ठरत नाही.

आपल्या प्रश्नाला सर्वांत चोख उत्तर देते ते युरिकेज. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या यकृतात हे एन्झाइम युरिक आम्लाचे रूपांतर करते आणि त्यातून सहज विरघळणारे ॲलन्टॉइन मिळते. मानवात ते तयारच होत नाही, पण त्याचे जनुक पहिल्या गुणसूत्रावर आजही आहे आणि प्राण्यांच्या जनुकाशेजारी मांडले की ओळखू येण्याइतके जुळते. फरक नेमका कुठे आहे, तेही दिसते : ३३व्या आणि १८७व्या कोडॉनमध्ये आर्जिनीन दर्शवणाऱ्या सीजीएच्या जागी टीजीए, म्हणजे प्रथिननिर्मिती थांबवण्याचा संकेत, आला आहे. कोडॉनच्या पहिल्या अक्षरातला हा बदल प्रथिन मध्येच तोडतो. ३३व्या कोडॉनमधला बदल चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्यातही सापडतो, त्यावरून तो या सर्वांच्या सामाईक पूर्वजात झाला असावा असे मानतात. गिबनमध्ये हे जनुक निराळ्याच बदलांनी बंद पडले आहे. अशा जनुकाचे क्लोनिंग करताना वर सांगितलेला सीडीएनएचा मार्ग भरवशाचा नसतो, त्यामुळे तेथे गुणसूत्रातल्या डीएनएकडेच वळावे लागते.

या तुलनेचा उपयोग उपचारातही झाला. इतर औषधांना दाद न देणाऱ्या जुनाट गाउटसाठी (युरिक आम्ल साठून होणारा सांध्यांचा विकार) अमेरिकेत २०१० साली मान्य झालेले पेग्लोटिकेज हे मुख्यतः डुकराच्या आणि काही अंशी बबून या माकडाच्या युरिकेजच्या क्रमावरून रचलेले एन्झाइम आहे. ते रक्तात अधिक काळ टिकावे म्हणून त्याला पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या जोडलेल्या असतात; तरीही अनेक रुग्णांचे शरीर, विशेषतः त्या साखळ्यांविरुद्ध, प्रतिपिंडे तयार करते आणि औषधाचा परिणाम ओसरतो.